ब्लू लाइट, हेडलाइट आणि आमचे आबा

गेल्या मे महिन्यात उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आमच्या आबांना एक नवाच खेळ सापडला. ओट्यावर बसायचं, डावा डोळा हातानं झाकायचा आणि दोरीवर वाळत घातलेल्या स्वतःच्याच सदऱ्याकडे बघायचं. मग उजवा झाकायचा आणि पुन्हा बघायचं.

‘ह्या डोळ्यानं सदरा निरमाच्या जाहिरातीतला, अन् ह्या डोळ्यानं चहात बुडवून काढलेला. आता खरा कोणता ते तू सांग. तू पेपरात लिहितीस ना!’

मी हसले. पुण्यात परत येऊन ऑफिसवाल्या मैत्रिणींना हा किस्सा सांगितला, त्याही हसल्या. एकूण ऑपरेशन सॉलिड सक्सेसफुल झालं होतं, आणि त्याचं अर्धं क्रेडिट माझं होतं. कारण लेन्स मी निवडली होती.

आता थोडं बॅकग्राउंड. आमचं गाव खुलताबाद. तेच ते, भद्रा मारुतीचं. निद्रिस्त मारुती बघायला तुमच्यापैकी अनेक जण वेरूळच्या ट्रिपमध्ये तिथं थांबून गेले असतील आणि परतीच्या वाटेवर रस्त्याकडेचे पेरू, सीताफळं घेऊन गेले असतील. त्यातले काही पेरू कदाचित आबांचे असतील. गावाबाहेर आमची थोडी जमीन आहे. पेरू, सीताफळ आणि मधल्या काळात भाजीपाला. माल जातो छत्रपती संभाजीनगरच्या जाधववाडी मार्केटला. अंतर पंचवीस-तीस किलोमीटर. पिकअप आबा स्वतः चालवतात. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण मी ते विसरले होते.

पॅकेज, पॅकेज

शहरातल्या एका चकाचक आय हॉस्पिटलमध्ये आम्ही गेलो. नाव नको. एसी लाउंज, मशिनची कॉफी आणि डॉक्टरांच्या आधी भेटणारी एक गोड काउन्सेलर. तिनं मोबाइलच्या प्लॅनसारखं लॅमिनेट केलेलं कार्ड समोर ठेवलं. खालच्या ओळीत बेसिक मोनोफोकल. वर सरकत गेलं की प्रीमियम, सुपर प्रीमियम. सगळ्यात वरच्या ओळीत मल्टिफोकल, ‘चष्म्यापासून मुक्ती’ आणि ‘ब्लू लाइट फिल्टर’. त्या ओळीतला आकडा आमच्या स्कूटीच्या किमतीएवढा होता.

ब्लू लाइट म्हटलं की आपल्या पिढीचे कान लगेच टवकारतात. माझ्या फोनला नाइट मोड, लॅपटॉपला वॉर्म स्क्रीन, डोळ्यांवर ब्लू कट चष्मा. मग आबांच्या डोळ्यांत साधी लेन्स? छे! शक्यच नाही. ‘आबा, टेन्शन घेऊ नका, मी ईएमआय भरते,’ असं मी फिल्मी स्टाइलनं जाहीर केलं. आबांनी एकदाच विचारलं, ‘साध्यानं भागत नाही का?’ त्यावर मी आणि काउन्सेलर एकाच वेळी हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांत झालं. चौथ्या दिवसापासून आबा चष्म्याशिवाय पेपर वाचायला लागले, मार्केटची हिशेबपट्टी वाचायला लागले आणि फॅमिली ग्रुपवर गुड मॉर्निंगचे फोटो टाकायला लागले. मी टोटल खूश.

घाटातली पहाट

जुलैमधला शनिवार. श्रावण लागायचा होता. श्रावणातल्या शनिवारी तर शहरातून हजारो माणसं रातोरात पायी भद्रा मारुतीला येतात आणि रस्ता माणसांनी फुलून जातो. पण एरवीही शनिवार म्हटलं की पायी येणारे चार-दोन जण भेटतातच. सकाळी सहाला आईचा फोन आला. आबा साडेतीनला गवार-भेंडी घेऊन निघाले होते, मार्केटला पोचले नव्हते आणि फोन उचलत नव्हते.

पुण्यात बसून तुम्ही काय करणार? नुसते फोनवर फोन. शेवटी पावणेसातला त्यांनीच उचलला. ‘काही झालं नाही. घाटात थांबलो होतो. उजाडलं की निघालो.’

खरी गोष्ट मला गावाला गेल्यावर कळली, तीही तुकड्या-तुकड्यांत. कागजीपुरा मागे टाकून दौलताबादचा उतार लागला. समोरून एकामागोमाग एक गाड्या येत होत्या, सगळ्यांचे पांढरेशुभ्र हेडलाइट. ‘एकेक लाइट इतका इतका फुलू राह्यला होता,’ आबांनी हातांनी पराती एवढा गोल करून दाखवला, ‘भोवती कडी अन् कडीभोवती परत कडी. जसं काय दिवाळीचं चक्र. त्याच्या आड रस्ता होता की नाही देव जाणे.’ आणि त्या चक्रांच्या आडून अचानक एक हात हलला. पायी येणारा एक मुलगा होता, पाठीला सॅक. आबांनी ब्रेक मारला. दोघांमध्ये दोन-तीन हातांचं अंतर उरलं. मुलगा ‘जय बजरंग’ म्हणून पुढं गेलासुद्धा. आबांनी गाडी कडेला घेतली, किल्ली काढली आणि उजाडेपर्यंत स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

चाळीस वर्षं तो घाट ते डोळे झाकून चालवतात, असं आम्ही घरात कौतुकानं म्हणायचो. आता ते वाक्य कोणी उच्चारत नाही.

‘मग आधी का नाही सांगितलं?’ मी चिडून विचारलं. कारण कडी पहिल्या आठवड्यापासूनच दिसत होती. आबा म्हणाले, ‘तू एवढे पैसे भरलेस. म्हटलं, आपल्यालाच सवय नसेल.’

पिवळी काच, पांढरी काच

मग मी ते केलं जे मेमध्ये करायला हवं होतं. माहिती काढली, दुसऱ्या एका डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली आणि प्रश्न विचारले. जे कळलं ते सांगते, कारण आज ना उद्या तुम्हीही आईला किंवा बाबांना घेऊन त्या एसी लाउंजमध्ये बसणार आहात.

आधी सदऱ्याची भानगड. आपल्या डोळ्यातलं नैसर्गिक भिंग लहानपणी जवळपास पारदर्शक असतं. वय वाढतं तसं ते पिवळट होत जातं, मोतीबिंदूत तर कधी कधी चक्क तपकिरी. पिवळी काच निळा प्रकाश अडवते, म्हणून जग हळूहळू चहाच्या रंगाचं होतं. पण ते इतकं हळू होतं की मेंदू त्यालाच पांढरं समजायला लागतो. भिंग काढलं की निळा एकदम आत येतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन १९२३ मध्ये झालं, तेव्हा सगळं निळं दिसतं म्हणून ते वैतागले होते आणि त्यांना रंगीत काचांचे चष्मे लावावे लागले होते. आबांचा सदरा आणि मोने यांचं कमळांचं तळं, फंडा एकच.

त्या काळी भिंग काढायचे आणि डोळा रिकामाच ठेवायचे. आमच्या पणजीचा सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा त्यातलाच. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवायची सुरुवात लंडनच्या डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये केली. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या केबिनच्या प्लॅस्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले होते. हे कण शरीर शांतपणे सहन करतं, हे रिडलींच्या लक्षात आलं आणि त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं त्यांनी भिंग केलं. आपल्याकडे ते गोरगरिबांपर्यंत यायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी जोडलेल्या ऑरोलॅबनं १९९२ पासून स्वस्तात लेन्स बनवायला घेतल्या. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीनं मोतीबिंदूच्या अंधत्वाविरुद्ध जो प्रकल्प चालला, त्यातल्या सात राज्यांत महाराष्ट्र होता. आणि लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने तर तुम्हाला माहीतच आहेत. मुंबईच्या जेजेमध्ये आणि खेड्यापाड्यांतल्या शिबिरांत मिळून लाखाहून जास्त ऑपरेशन्स, २००८ मध्ये पद्मश्री. या सगळ्यांच्या कृपेनं ‘साधी लेन्स’ आज इतकी साधी वाटते, की आपण तिला नाक मुरडतो.

आता ब्लू लाइट. लेन्स अल्ट्राव्हायोलेट किरण अडवते का, हा एक प्रश्न आणि निळा प्रकाश अडवते का, हा दुसरा. नैसर्गिक भिंग अल्ट्राव्हायोलेट अडवतं, सुरुवातीच्या प्लॅस्टिकच्या लेन्स ते नीट अडवत नव्हत्या. १९८० च्या दशकात ती सोय लेन्समध्ये आली आणि आजच्या जवळपास सगळ्या लेन्समध्ये, साध्यासुद्धा, ती असते. पिवळसर रंगाच्या, निळा प्रकाश काही प्रमाणात अडवणाऱ्या लेन्स नंतरच्या. जपानमध्ये त्या १९९० च्या दशकात आल्या, अमेरिकेत अल्कॉन कंपनीच्या अशा लेन्सला २००३ मध्ये परवानगी मिळाली. कल्पना अशी, की डोळ्याच्या पडद्याचं, म्हणजे रेटिनाचं, म्हातारपणात रक्षण होईल.

होतं का? कॉक्रेन ही संस्था जगभरातले प्रयोग एकत्र करून तपासते. तिनं २०१८ मध्ये ५१ प्रयोगांचा आढावा घेतला. निष्कर्ष : पिवळ्या लेन्समुळे पडद्याचं रक्षण होतं असं म्हणायला भरवशाचा पुरावा नाही. उलट बाजूनंही फार काही हाती लागलं नाही. नजरेच्या तीक्ष्णतेत दोन्ही लेन्स सारख्याच. काही छोट्या प्रयोगांत, पिवळ्या लेन्समुळे दिपलेला डोळा थोडा लवकर सावरतो असं दिसलं. विरोधक म्हणतात, मंद उजेडात बघायला आणि झोपेचं घड्याळ लावायला डोळ्याला निळा प्रकाश लागतो. शरीराच्या घड्याळाला वेळ कळवणाऱ्या पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे निळ्याच उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतात. दोन्ही बाजूंची भांडणं चालू आहेत. थोडक्यात, ब्लू लाइट फिल्टर म्हणजे संरक्षक कवच नाही आणि विषही नाही. पण फक्त त्याच्यासाठी ईएमआय? हं.

आणि हो, तुमच्या-माझ्या ब्लू कट चष्म्याचंही तेच. कॉक्रेननंच २०२३ मध्ये १७ प्रयोग तपासले. कॉम्प्युटरवर काम करताना येणारा डोळ्यांचा थकवा त्या चष्म्यानं कमी होतो असं काही दिसलं नाही. दुपारी गच्चीवर गेलात की फोनच्या कैकपट निळा प्रकाश डोळ्यांत जातो. स्क्रीनसमोर डोळे दुखतात ते बरेचदा पापण्या लवायचं विसरल्यामुळे. माझा चष्मा आता ड्रॉवरमध्ये आहे.

कडी कुठून आली?

मग आबांच्या हेडलाइटभोवतीची कडी? तिचा ब्लू लाइट फिल्टरशी संबंध नव्हताच. ती आली होती कार्डावरच्या दुसऱ्या गोड शब्दातून, मल्टिफोकलमधून.

दुसऱ्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. साधी मोनोफोकल लेन्स सगळा प्रकाश एकाच ठिकाणी गोळा करते. ते ठिकाण बहुतेक वेळा लांबचं ठेवतात, म्हणून वाचायला चष्मा लागतो. मल्टिफोकल लेन्सवर बारीक गोल चऱ्या असतात. त्या आलेला प्रकाश वाटून टाकतात, थोडा लांबच्यासाठी, थोडा जवळच्यासाठी. म्हणून चष्मा सुटतो. पण प्रकाश तेवढाच आहे, तो वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येणार. लांबचा हेडलाइट बघताना जवळच्यासाठी वाटलेला प्रकाश कुठं जाणार? तो धूसर होऊन दिव्याभोवती कडं धरतो. दिवसा आजूबाजूला उजेड असतो म्हणून ते जाणवत नाही. रात्री बाहुली मोठी झालेली, सगळीकडे अंधार आणि मध्ये एकच दिवा. मग चक्र दिसणारच. ही लेन्सची खराबी नाही. ती तशीच काम करते. बऱ्याच पेशंट्सना चष्मा सुटल्याच्या आनंदात या कड्यांचं काही वाटत नाही. पण ते पेशंट्स पहाटे साडेतीनला घाट उतरत नाहीत.

त्यात हल्लीचे एलईडी हेडलाइट. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा एलईडी आणि त्यावर पिवळ्या रसायनाचा थर. ज्या निळ्या एलईडीसाठी २०१४ चं फिजिक्सचं नोबेल दिलं गेलं, तोच. जुन्या हॅलोजनच्या पिवळ्या उजेडापेक्षा हा उजेड डोळ्यांना जास्त बोचतो. वर अपर-डिपर हा शब्द आपल्याकडे फक्त ट्रकच्या पाठीवर लिहिण्यासाठी आहे.

डॉक्टरांनी आणखी तीन गोष्टी तपासल्या, कारण चमक फक्त लेन्समुळेच येते असं नाही. डोळे कोरडे आहेत का, थोडा नंबर उरलाय का आणि लेन्समागची पातळ पिशवी धुरकट झालीय का. ती धुरकट झाली की लोक म्हणतात मोतीबिंदू परत आला. तो परत येत नसतो. लेसरनं काही मिनिटांत ती पिशवी मधोमध उघडता येते. पण इथं एक मेख आहे. लेसर केल्यावर पुढं लेन्स बदलायची वेळ आली तर ते काम अवघड होतं. म्हणून ‘चमक येतेय ना, मारा लेसर’ अशी घाई करायची नाही. आधी चमक कशामुळे येतेय ते ठरवायचं.

आबांची पिशवी स्वच्छ होती. ‘मेंदूला सवय व्हायला तीन ते सहा महिने लागू शकतात, तोवर रात्री गाडी नको,’ डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी पेन खाली ठेवून आबांना विचारलं, ‘तुम्ही रात्री गाडी चालवता हे त्यांना सांगितलं होतं का?’

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. काउन्सेलरनं नाही आणि मी पण नाही. काउन्सेलरला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला होतं. माझ्या कॉलेजच्या फीचे पैसे त्याच पिकअपनं, त्याच पहाटे, त्याच घाटातून गेले होते. कुठल्या ॲपला डार्क मोड कुठं आहे हे मला झोपेत सांगता येतं. पण आबांच्या डोळ्यांचा विचार करताना, ते डोळे रात्री कुठं असतात हे मला आठवलं नाही.

ऑपरेशनआधी विचारा

तर तुमच्यासाठी ही छोटी यादी. फ्रिजवर लावा.

• आई-बाबांना विचारा : रात्री गाडी चालवता का? शिवण, वाचन, हिशेब, देवळाची पहाटेची वाट, दिवसातलं नक्की कोणतं काम डोळ्यांवर अवलंबून आहे?

• डॉक्टरांना विचारा : या कामासाठी कोणती लेन्स? मल्टिफोकल घेतली तर रात्री काय दिसेल? काउन्सेलरचं उत्तर पुरेसं धरू नका.

• पडद्याचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर तो मल्टिफोकलचा विषय निघण्याआधीच सांगा.

• ‘ब्लू लाइट फिल्टर’साठी जास्त पैसे मागितले तर कशासाठी, ते विचारा. साध्या लेन्सला यूव्ही फिल्टर आहे का, तेही.

• ऑपरेशननंतर चमक, कडी, सावली काहीही दिसलं तर लगेच सांगायला सांगा. अचानक खूप ठिपके, विजेसारखे लखलखाट किंवा पडदा ओढल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ते वेगळं आणि गंभीर असू शकतं.

करमणूक गेली

ऑक्टोबरमध्ये डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. या वेळी निर्णय आबांचा. मोनोफोकल, लांबच्या नजरेची. दोन डोळ्यांत रंगाचा फरक नको म्हणून तीही पिवळसरच. ‘साध्यानं भागतं,’ ते म्हणाले. या वेळी कोणी हसलं नाही.

उजव्या डोळ्यातली कडी आता परातीवरून ताटलीवर आलीय. पूर्ण गेलेली नाही. दोन्ही डोळे मिळून बघताना जरा बरं पडतं, असं ते म्हणतात. तरी अंधारात पिकअप चुलतभाऊ चालवतो आणि आबा शेजारी बसतात. त्यासाठी चुलतभावाला रोजी द्यावी लागते. तेवढं मालाच्या पट्टीतून कमी होतं. लेन्सचा ईएमआय अजून चालू आहे. हा सगळा हिशेब माझ्या खात्यावर आहे आणि आबा तो कधी काढत नाहीत, हे त्याहून वाईट.

गेल्या रविवारी गावाला गेले होते. ओट्यावर ऊन आलं होतं, दोरीवर सदरा वाळत होता. मी म्हटलं, ‘आबा, खेळा ना.’ त्यांनी एक डोळा झाकला, मग दुसरा झाकला.

‘दोन्हीकडून सारखाच पांढरा,’ ते म्हणाले. ‘करमणूक गेली बघ.’

मग थोडं थांबून, ‘इतके दिवस पिवळाच सदरा घालून हिंडत होतो, अन् तुम्ही कोणी बोलला नाहीत.’